आठवणींची वसुली

बाहेरून युरोपात शिरणाऱ्या प्रवाशाला दुधाचे पदार्थ बरोबर नेता येत नाहीत. पोर्तुगालच्या व्हिसासाठी कागद जमवताना हा नियम कळला आणि आमच्या बॅगेतला मुख्य ऐवजच गळाला. बेळगावचा माणूस परगावी निघाला की त्याच्या हातात कुंद्याचा डबा असतोच. मुंबईच्या लग्नाला, पुण्याच्या बारशाला, मिरजेच्या दवाखान्यात कुणाला बघायला, सगळीकडे कुंदा जातो. आणि आता ज्यांच्याकडे निघालो होतो ती दोघं तर गाव सोडून वीसेक वर्षं झालेली, अटलांटिकच्या काठी राहणारी. त्यांच्याकडे कुंद्याशिवाय जायचं म्हणजे आमच्या ह्यांना रिकाम्या हातानं गेल्यासारखं वाटायला लागलं.

मग त्याची भरपाई सुरू झाली. गोकाकचं करदंट, शेंगदाण्याची चटणी, कारळ्याची चटणी, घरचं तिखट, बेळगाव बासमतीचा तांदूळ, मैत्रिणीसाठी एक शहापुरी साडी. "एवढं कशाला?" मी विचारलं, कारण विमानात वजनाला मर्यादा असते आणि माझे कपडे अजून बाहेरच होते. "अगं, तरसली असतील ती तिकडं," हे म्हणाले.

हे आयुष्यभर मार्केट यार्डात अडत दुकान चालवलेले गृहस्थ. बटाटा, रताळी आणि हंगामात मिरची. कुणाकडे किती येणं आहे हे वही न उघडता सांगणारे. मित्राकडे निघतानाही ते असंच एक येणं वसूल करायला निघाले होते. दूर गेलेल्या माणसाला आपली आठवण येत असणार, त्यानं ती साठवून ठेवली असणार, आणि आपण दारात उभे राहिलो की तो ती काढून हातावर ठेवणार.

ती दोघं कोण ते सांगते. ह्यांचा मित्र मूळचा डिचोलीचा. बेळगावात इंजिनिअरिंगला आला तेव्हापासून सगळे त्याला डिचोलीकरच म्हणतात. आडनाव वेगळं आहे, ते इथं घालत नाही, त्याला आवडायचं नाही. आमच्या शहापुरातल्या घरात माडीवरच्या खोलीत तो भाड्यानं राहायचा. जेवण खानावळीत, असं ठरलेलं होतं. प्रत्यक्षात सासूबाई त्याला जिन्याखालून हाक मारायच्या आणि तो खाली यायचा. गोव्याची मुलं बेळगावला शिकायला येण्याची रीत जुनीच आहे. इथली भाजी, इथलं दूध चोर्ल्याच्या घाटानं तिकडं उतरतं आणि आमची सुट्टी तिकडच्या समुद्रावर जाते. त्याची बायको माझी मैत्रीण, खानापूरची. टीसीएचला, म्हणजे शिक्षिका व्हायच्या अभ्यासक्रमाला, आम्ही एका बाकावर बसायचो. त्यांचं लग्न आमच्याच माजघरात जमलं. ते प्रकरण मोठं आहे आणि त्यात दोन्हीकडचे बरेच लोक अजून हयात आहेत, म्हणून ते राहू दे.

गोवा १९ डिसेंबर १९६१ ला मुक्त झाला. त्याआधी तिथं जन्मलेल्यांना, त्यांच्या मुलांना, नातवंडांना पोर्तुगालचं नागरिकत्व मिळू शकतं. जन्माची नोंद लिस्बनच्या दप्तरात करून घ्यायची आणि मग पासपोर्टासाठी अर्ज करायचा. आपल्याकडे दोन देशांचं नागरिकत्व चालत नाही, त्यामुळं भारताचा पासपोर्ट परत करावा लागतो. ह्या वाटेनं गोव्यातली हजारो माणसं गेली आणि त्यांतली पुष्कळशी पोर्तुगालला नुसता पाय लावून इंग्लंडला पोहोचली. डिचोलीकर मात्र तिथंच राहिला. आधी लिस्बनला बांधकामावर, मग उत्तरेकडं आवैरोजवळ फरश्यांच्या कारखान्यात. मुलगी शिकून दुसऱ्या देशात गेली. ही दोघं समुद्रावर राहिली.

विमानाबद्दल काही लिहीत नाही. विमानप्रवासात लिहिण्यासारखं काही घडू नये, एवढीच माणसाची अपेक्षा असते. लिस्बनहून आवैरोला आगगाडीनं अडीचेक तास लागतात. वाटेत कोइंब्रा लागतं, जिथल्या विद्यापीठाची स्थापना १२९० सालची. आवैरोचं जुनं स्टेशन निळ्या-पांढऱ्या फरश्यांनी मढवलंय, फरश्यांवर तिथल्या जुन्या दिवसांची चित्रं. मी ते बघत होते आणि हे फलाटावर मित्राला शोधत होते. तो आला. केस सगळे पांढरे, पोट आत, अंगात बिनबाह्यांचं जाकीट. ह्यांनी दोन्ही हात पसरले. त्यानं आधी बॅगेकडं बघितलं. "घराला लिफ्ट नाही रे," तो म्हणाला, आणि मग मिठी मारली.

घर बार्रा नावाच्या वस्तीत, तिसऱ्या मजल्यावर. खिडकीतून दीपस्तंभ दिसतो. बासष्ट मीटर उंच, पोर्तुगालमधला सगळ्यांत उंच. रात्री त्याचा झोत फिरतो आणि घरातली माणसं त्याच्याकडं बघतही नाहीत, आम्ही रेल्वे गेटजवळ राहणारे गाडीच्या शिट्टीकडं लक्ष देत नाही तसं.

बॅग उघडली तो प्रसंग ह्यांनी मनात कितीदा तरी रंगवलेला असणार. चटण्या बाहेर आल्या, तांदळाचा वास खोलीत पसरला. खानापूरकरीण म्हणाली, "अय्या, बासमती!" आणि पिशवी उचलून कपाटात ठेवली. साडी तिनं खांद्यावर टाकून आरशात बघितली, छान आहे म्हणाली, खरोखर तिला आवडली होती. करदंटाच्या खोक्याकडं डिचोलीकरानं नुसतं बोट दाखवलं आणि दुसरं बोट स्वतःच्या दंडाला टोचून इंजेक्शनची खूण केली. साखर. दोघांनाही. "उद्या मी पोहायला जाते तिथं नेते," ती म्हणाली, "त्या बायका गोडावर तुटून पडतात." मग आम्ही जेवलो. बटाटा आणि पालेभाजीचं दाट सूप, पाव, भाजलेले मासे. कुणाचा आवाज कापरा झाला नाही. डोळे कुणाचे भरले नाहीत. ह्यांनी रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या मला विचारलं, "थकलेत काय गं हे लोक?"

मी म्हटलं, "आपण थकलोय. झोपा."

दुसऱ्या दिवसापासून हे कामाला लागले. नाव काढायचं आणि समोरच्याचा चेहरा बघायचा. खडे बाजार. कपिलेश्वराचं देऊळ. मारुती गल्लीतलं ते हॉटेल. सासूबाईंची जिन्याखालची हाक. डिचोलीकर हसायचा, "होय की," म्हणायचा, एखादी गोष्ट पुढं जोडायचाही. पण त्या गोष्टी तो, आपण ओळखीच्या सिनेमाबद्दल बोलतो तशा बोलायचा. एकदा ह्यांनी थेट विचारलं, "बेळगावची आठवण येते की नाही?"

"येते की."

"कधी येते?"

त्यानं प्रामाणिकपणे विचार केला. "तुझा फोन आला की."

शेवटी ह्यांनी १९८६ चा जून काढला. त्या महिन्यात कन्नडसक्तीच्या विरोधातलं आंदोलन पेटलं, गोळीबार झाला, संचारबंदी लागली. हिंडलग्याला हुतात्म्यांचं स्मारक आहे आणि दर एक जूनला आमचे हे तिथं जातात. आमच्या घरात त्या दिवसांची गोष्ट इतक्यांदा सांगितली गेलीय की मी तेव्हा त्या घरात नव्हते, तरी मला ती पाठ आहे. डिचोलीकर तेव्हा माडीवरच होता. "आठवतं ना?" ह्यांनी विचारलं. तो म्हणाला, "आठवतं तर. खानावळ बंद पडली होती. वहिनी, ह्याची आई आम्हाला रोज पोहे घालायची. सकाळी पोहे, रात्री पोहे. मला अजून पोहे चालत नाहीत."

ह्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला. ज्यानं ह्यांचं उभं आयुष्य एका बाजूला वळवलं तो महिना ह्या माणसाकडं नुसत्या पोह्यांच्या रूपानं जमा होता. पण मला ते खोटं वाटलं नाही आणि हलकंही वाटलं नाही. तो वीस-बावीस वर्षांचा परगावचा पोरगा होता, परीक्षा तोंडावर होती आणि त्याला भूक लागत होती. एकाच घरात, एकाच संचारबंदीत, दोघांना दोन वेगळे जून भेटले.

आवैरो समुद्रावर आहे असं म्हणतात ते अर्धंच खरं. शहर आणि समुद्र यांच्यामध्ये मोठी खाजण आहे, वाळूच्या लांबलचक पट्ट्यानं समुद्रापासून वेगळी झालेली. मध्ययुगात इथं भरभराटीचं बंदर होतं. सोळाव्या शतकात, १५७५ च्या हिवाळ्यातल्या वादळांनी वाळू लोटून खाडीचं तोंड बुजवलं. जहाजं येईनात, साचलेल्या पाण्यानं रोगराई झाली, माणसं गाव सोडून गेली. नवीन तोंड खणून पाणी समुद्राला परत जोडलं ते थेट १८०८ साली. आम्ही जिथं राहत होतो ती बार्राची वस्ती त्या नव्या तोंडापाशीच आहे. शहराच्या कालव्यांतून रंगवलेल्या, नाकाड वर वळलेल्या होड्या फिरतात. मोलिसैरो. आता त्यांतून पर्यटक फिरतात, पूर्वी त्या खाजणीच्या तळातलं शेवाळ गोळा करून शेतात खत म्हणून घालायला नेत. मिठागरंही आहेत, पेडण्याकडं अगरवाड्याला आहेत त्या जातीची, चौकोनी वाफ्यांची. त्यातलं सगळ्यांत वरचं, पापुद्र्यासारखं मीठ वेगळं काढतात आणि ते महाग विकतात. ह्यांनी भाव विचारला, किलोचा हिशेब मनात केला आणि पुडी परत ठेवली.

पलीकडं कोश्ता नोव्हा. तिथली उभ्या रंगीत पट्ट्यांची लाकडी घरं फोटोत सगळ्यांनी बघितलेली असतात. मुळात ती कोळ्यांची जाळी आणि सामान ठेवायच्या खोपी होत्या. पुढं उन्हाळ्यात हवा खायला येणाऱ्यांनी त्यांची घरं केली आणि पट्टे काढले. फोटो आम्हीही काढले. पण जे मला सांगायचंय ते त्या घरांच्या पाठीमागं, वाळूवर.

खानापूरकरीण रोज सकाळी समुद्रात पोहते. एकटी नाही, सात-आठ बायकांचा घोळका आहे, बहुतेक साठीच्या पुढच्या. एक निवृत्त नर्स, एक बेकरीवाली, एक जण नातवाला बाबागाडीत घालून आणते आणि आळीपाळीनं कुणीतरी त्याच्यापाशी थांबतं. मी टॉवेल घेऊन बरोबर गेले. जून महिना, ऊन लख्ख, आणि वारा असा की पदर असता तर उडून गेला असता. मी सलवार-कमीज आणि वर स्वेटर घालून उभी, आणि माझी टीसीएचची मैत्रीण, जी वर्गात फळ्यावर लिहायला उठतानाही दुपट्टा चापून घ्यायची, ती काळा पोहण्याचा पोशाख घालून, रबरी टोपी चढवून, मांड्या-पोटऱ्या उघड्या टाकून वाळूवरून चालत निघाली. बायकांनी एकमेकींचे हात धरले. पहिली लाट पोटावर आली तेव्हा सगळ्या एकदम किंचाळल्या. मग आत.

तो समुद्र आपला नव्हे हे हात बुडवल्यावर कळतं. गोव्याला पाणी कोमट असतं, माणूस तासभर डुंबतो. इथं ऐन उन्हाळ्यातही पाणी सोळा-सतरा अंशांच्या वर फारसं जात नाही. उत्तरेचा वारा वरचं पाणी किनाऱ्यापासून बाहेर ढकलतो आणि त्याच्या जागी तळाचं गार पाणी वर येतं. उन्हाळ्यात तो वारा जोरात, म्हणून पाणी आणखी गार. त्याच गार पाण्याबरोबर तळाचं खाद्य वर येतं, म्हणून सार्डिन मासा मुबलक. हे मला डिचोलीकरानं नंतर जेवताना, हातात सार्डिन धरून, समजावलं. तेव्हा मी फक्त गुडघ्यापर्यंत गेले, पाय बधिर झाले, बाहेर आले.

ती बाहेर आली तेव्हा तिचं अंग लालबुंद झालं होतं आणि दात वाजत होते. मी टॉवेल गुंडाळला. बेकरीवालीनं थर्मासमधली कॉफी ओतली. करदंटाचं खोकं उघडलं गेलं आणि डिंक, खोबरं, सुकामेवा यांच्यावर त्या बायका खरोखरच तुटून पडल्या. एकीनं हे कुठं मिळतं विचारलं. गोकाक, मी म्हटलं. तिनं दोनदा म्हणून बघितलं.

मग आम्ही दोघीच बसलो. मी विचारलं, "खानापूरची आठवण येत नाही?" मीही शेवटी त्याच घरची सून.

"येते गं. खरं रोज उठून येत नाही. आली की आईला फोन करते, मग जाते." टोपी पिळत ती म्हणाली, "तुम्ही लोक येता ना तिकडून, आल्या आल्या आमच्या तोंडाकडं बघता. कुठं सुकलंय काय ते. माझा भाऊ आला होता तो तर स्वयंपाकघरातले डबे उघडून बघायचा. नाही सुकलं की तुम्हाला वाईट वाटतं."

मी हसले, कारण दुसरं करता येण्यासारखं काही नव्हतं.

"तिकडं मुलीनं नदीत उतरायचं ते धुणं घेऊन," ती म्हणाली. "मलप्रभा दारात होती, खरं पोहायला मी इथं शिकले. पन्नाशी झाल्यावर."

ह्या बोलण्यावर मी बराच काळ विचार करत राहिले. गाव सोडलेल्या माणसानं दुःखी असावं अशी आपली इच्छा नसते, नक्कीच नसते. त्यानं सुखात असावं, फक्त त्या सुखाला आपल्या नावाचं एक भोक असावं. तो तिकडं पोटभर जेवतो हे ऐकायला बरं वाटतं, पण त्या जेवणाला आपल्याकडची चव नाही हे त्यानं पुढं म्हणावं. नाही म्हटलं तर आपण राहिलो तिथं राहण्याचंच मोल कमी झाल्यासारखं होतं. आमच्या भागात तर ही सवय जरा जास्तच. इथं माणूस कुणाचा, त्याची भाषा कुठली, त्याचं मन कुठं, ह्याची मोजदाद सतत चालू असते. दुकानाच्या पाटीवर, शाळेच्या दाखल्यावर, बसवरच्या अक्षरांत. सगळ्यांकडून निष्ठेची पावती मागायची सवय लागलेली माणसं मित्राकडूनही तीच मागतात.

जवळच इल्याव्हो नावाचं गाव आहे. तिथं सागरी संग्रहालय आहे आणि ते जवळजवळ सगळं कॉड माशाबद्दल. पोर्तुगीज माणूस खारवलेला सुका कॉड जितका खातो तितका ताजा मासाही खात नसेल. गंमत अशी की तो मासा त्यांच्या समुद्रात मिळतच नाही. न्यूफाउंडलंड, ग्रीनलंडकडं जाऊन आणायचा. ह्या गावचे पुरुष वसंतात जायचे आणि सहा महिन्यांनी परतायचे. मोठ्या जहाजावरून सपाट तळाच्या लहान होड्या सोडत, एका होडीत एकच माणूस. धुक्यात तो आणि त्याची दोरी. मासा भरला की जहाज शोधत परत यायचं. ही पद्धत १९७४ पर्यंत चालली. संग्रहालयात एका मोठ्या टाकीत जिवंत कॉड ठेवलेत, जाड ओठांचे, हनुवटीला एकच मिशी. आमचे हे त्यांच्याकडं बराच वेळ बघत होते आणि मासा त्यांच्याकडं.

डिचोलीकराच्या खालच्या मजल्यावरचे आजोबा त्या होड्यांवर जाऊन आलेले. ऐंशी ओलांडलेत. त्यांनी आम्हाला कॉफीला बोलावलं. पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याच्या काळात कॉडच्या जहाजांवर काही हंगाम काढले की सक्तीची लष्करी नोकरी माफ व्हायची, म्हणून आजोबा समुद्रावर गेले. मोठा भाऊ गेला नाही, म्हणून तो सैन्यात गेला आणि त्याची नेमणूक गोव्याला झाली.

खोलीत जरा हालचाल झाली. १९६१ च्या डिसेंबरात गोव्यावर गेलेलं सैन्य आधी बेळगावात जमलं होतं. माझे सासरे रस्त्याच्या कडेला उभे राहून ट्रक मोजत होते, हे ते नेहमी सांगायचे. लिस्बनहून सालाझारचा हुकूम होता, शेवटच्या माणसापर्यंत लढा. गव्हर्नर जनरलनं तो मानला नाही, शरणागतीवर सही केली. त्यामुळं हजारो पोरं जिवंत राहिली आणि त्याला मात्र मायदेशी सैन्यातून काढून टाकलं. १९७४ ची क्रांती झाल्यावर त्याची बाजू मान्य झाली. कैद झालेले तीन हजारांवर सैनिक १९६२ च्या मेपर्यंत गोव्यातच छावण्यांत होते. आजोबांचा भाऊ त्यांतला. कुठली छावणी, ह्यांनी विचारलं. फोंडा.

"फोंड्याला तर आमचा माल जायचा!" हे उठूनच उभे राहिले. "मुक्तीनंतर घाट उघडला आणि आमच्या वडिलांचे बटाटे पहिले तिकडंच उतरले. त्यांना सांग, त्यांच्या भावानं आमचे बटाटे खाल्लेत!"

डिचोलीकरानं सांगितलं. आजोबा विचारात पडले आणि लांबलचक काहीतरी बोलले. भाषांतर आलं ते एवढंच: भाऊ म्हणायचा जेवण वाईट होतं, बटाटे बरे होते.

ह्यांना जो आनंद झाला तो आख्ख्या पोर्तुगालात मी दुसऱ्या कशानं झालेला बघितला नाही. "बटाटा मुळात ह्यांच्याच जहाजांतनं आपल्याकडं आला रे," डिचोलीकर म्हणाला. बटाटा, मिरची, रताळं, काजू. आमच्या मार्केट यार्डात ज्या पोत्यांवर घर चाललं, त्यांतलं बरंचसं कधीतरी ह्या लोकांच्या जहाजातून आलेलं. हे त्यावर काही बोलले नाहीत, पण दुसऱ्या दिवशी बाजारात त्यांनी प्रत्येक बटाटा अंगठ्यानं दाबून बघितला आणि विक्रेतीला मराठीत सांगितलं की माल ताजा आहे खरं माती नीट झाडलेली नाही. तिनंही तिच्या भाषेत उत्तर दिलं. दोघं बराच वेळ बोलले.

निघायच्या आधल्या रात्री दोघे मित्र गच्चीत बसले होते. तिथं जूनमध्ये रात्री नऊपर्यंत सूर्य असतो आणि तोही समुद्रात बुडतो, पश्चिमेला, आपल्या कोकणासारखाच. मी आत भाजी निवडत होते, म्हणजे ऐकत होते. ह्यांनी शेवटी विचारलं, "पासपोर्ट परत दिलास तेव्हा काय वाटलं?"

डिचोलीकर म्हणाला, "तुझ्या बाबांना जेवढं वाटलं असेल तेवढंच."

"बाबांनी कुठं पासपोर्ट दिला?"

"सांग की, जन्मले कुठं ते?"

सासरे शहापुरात जन्मले तेव्हा शहापूर सांगली संस्थानात होतं. रस्ता ओलांडला की बेळगाव, ते इंग्रजांचं. १९४८ ला संस्थान विलीन झालं, ते मुंबई राज्यात आले. १ नोव्हेंबर १९५६ ला म्हैसूर राज्यात गेले. १९७३ ला त्याचं कर्नाटक झालं. एवढं सगळं होईपर्यंत त्यांनी घराचा दरवाजासुद्धा बदलला नव्हता. "त्यांनी जागा सोडली नाही आणि राज्यं सोडत गेली त्यांना," डिचोलीकर म्हणाला. "मी निदान स्वतः सही केली."

हे जरा वेळानं म्हणाले, "आम्ही ती सही मानली नाही अजून. कोर्टात आहे."

"माहीत आहे रे," डिचोलीकर म्हणाला, आणि दोघांनी एक एक बिअर आणखी उघडली. डिचोलीकराला ती चालत नाही. त्यावरून खानापूरकरीण आतून ओरडली.

घरी आलो तेव्हा पेरण्यांच्या गप्पा संपून पाऊस लागला होता. ह्यांना यार्डातल्या जुन्या मंडळींनी घेरलं. काय म्हणतो डिचोलीकर? आठवण काढतो की नाही? मी शेजारी उभी होते. "काढतो म्हणजे? रडायलाच लागला की ओ," आमचे हे म्हणाले. मंडळी खूश झाली. एकानं चहा सांगितला. घरी येताना मी ह्यांच्याकडं बघितलं तर म्हणाले, "त्यांचंही काहीतरी येणं होतं की."

मग मी खानापूरला गेले, मैत्रिणीच्या आईकडं. नव्वदीला टेकलीय, कानानं कमी ऐकते. डोळे अजून शाबूत आहेत. वाटभर मी शब्द जुळवत होते, ही जेव्हा विचारेल तेव्हा काय सांगायचं. तिनं विचारलंच नाही. फोटो दाखव म्हणाली. मी वाळूवरचा व्हिडिओ लावला.

"ही कोण गे?"

"तुमची लेक."

तिनं फोन नाकाजवळ नेला. किंचाळणाऱ्या बायका, हात धरलेले, लाट. मी तिच्या तोंडाकडं बघत होते.

"डोकीवर काय घातलंय?"

"टोपी. केस भिजू नयेत म्हणून."

"भिजलेत की." तिनं व्हिडिओ पुन्हा लावायला सांगितला. "लहानपणी नदीत उतरली म्हणून फोकानं मारलंय मी हिला. पाण्याची खोड गेली नाही. गार असतं काय पाणी?"

"लई गार."

"मग कानात कापूस घाल म्हणावं. लहानपणापासनं डावा कान फुटतो तिचा. आत्ता लिव्ह, विसरशील."

मी तिच्यासमोरच मेसेज पाठवला. तिकडं सकाळच होती, उत्तर लगेच आलं. घालते म्हणून सांग तिला. घालत नाही.